निळ्या डोळ्यांचा गृहस्थ

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभे असाल तर नुसतं ऐका. पण हात मोकळा असेल तर फोनवर एक चित्र उघडून ठेवा. फ्रागोनार आणि दिदरो, ही दोन नावं एकत्र टाकून शोधलंत की लगेच येईल. सोनेरी-मातकट रंगाच्या अंगरख्यातला एक गृहस्थ दिसेल. तो आजचा आपला पाहुणा.

खरं सांगायचं तर आजचा एपिसोड हा माझा माफीनामा आहे. मागे आपण फ्रेंच विश्वकोशावर एक एपिसोड केला होता, आठवतोय? दनी दिदरो नावाच्या माणसाने वीसेक वर्षं घासून तो कोश कसा काढला, तुरुंगात कसा गेला, सरकारने बंदी घालूनही काम कसं चालू ठेवलं, ती सगळी गोष्ट. त्या एपिसोडच्या कव्हरला मी हेच चित्र लावलं होतं. सुंदर चित्र आहे. आणि दिदरो म्हणून मी हाच चेहरा ओळखत आलेय. माझ्याकडच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाच आहे. टेबलासमोर भिंतीवर एक पोस्टकार्ड चिकटवलंय, त्यावरही हाच. एपिसोड लिहिताना अडकले की मी त्याच्याकडे बघायचे.

तर साताऱ्याच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. एका ओळीचा. "ताई, एपिसोड भारी होता, पण कव्हरवरचा माणूस दिदरो नाहीये."

मी आधी हसले. म्हटलं, याला जरा पुरावा पाठवून देऊ. पुरावा शोधायला बसले आणि दहा मिनिटांत माझं हसू गेलं. पोरगं बरोबर होतं. आणि ही काही गुपित गोष्टही नव्हती. २०१२ च्या अखेरीस खुद्द लूव्र संग्रहालयाने हे जाहीर केलंय. चित्र त्यांचं, भिंत त्यांची, आणि नावाची पाटी बदलली तीही त्यांनीच. म्हणजे मी एपिसोड केला तेव्हा ही बातमी चांगली जुनी झाली होती. मी फक्त तपासलं नव्हतं. तपासायची गरजच वाटली नाही, कारण चेहरा 'माहीत' होता.

आता त्या चित्राकडे या. कॅनव्हास फार मोठा नाही, साधारण ८० सेंटिमीटर उंच आणि ६५ रुंद. तैलरंग, १७६९ च्या आसपासचं काम. गृहस्थ कमरेपर्यंतच दिसतो. समोर उघडा ग्रंथ आहे, हात त्या पानांपाशी आहेत, पण नजर पुस्तकात नाही. वाचता वाचता काहीतरी सुचलं, किंवा कुणीतरी हाक मारली, आणि मान वळली. भलंमोठं कपाळ. पांढरी कॉलर, गळ्यात साखळी. आणि हे सगळं किती भराभर काढलंय बघा! झूम करा. बाहीकडे बघा. ती बाही नाहीच, ते नुसते ब्रशचे फटकारे आहेत. पण फोन जरा लांब धरलात की त्याच फटकाऱ्यांचं कापड होतं, सुरकुत्या पडलेलं.

हे काढणारा माणूस म्हणजे ज्याँ-ओनोरे फ्रागोनार. जन्म १७३२ चा, दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावचा. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेलं तेच ग्रास. पॅरिसला आला, थोडे दिवस शार्दांकडे शिकला, मग बूशेकडे. तुम्ही 'झोका' हे चित्र नक्की पाहिलं असेल. गुलाबी झग्यातली बाई झोक्यावर, हवेत उडालेली सपाता, खाली झुडपात लपून बघणारा तरुण. ते त्याचंच. रोकोको म्हटलं की तेच चित्र पुढे करतात.

रोकोको या शब्दाबद्दल दोन वाक्यं सांगते आणि पुढे जाते. त्या काळातल्या कुणीही स्वतःला रोकोको चित्रकार म्हणवून घेतलेलं नाही. बागेतल्या कृत्रिम गुहांना शंख-शिंपले आणि दगडगोटे लावून नक्षी करायचे, तिला फ्रेंचमध्ये रोकाय म्हणायचे. पुढच्या पिढीला हा सगळा नखरा नकोसा झाला, तेव्हा त्यांनी टिंगल करायला तो शब्द वाकवला. शिवी चिकटली आणि शैलीचं नाव झाली. म्हणजे बघा, इथेही पाटी नंतर लागलेली आहे, आणि ती लावणारे मित्र नव्हते.

बरं. १७६९ च्या सुमारास फ्रागोनारने एक विचित्र मालिका काढली. सगळी चित्रं जवळपास याच मापाची. प्रत्येकात एकच व्यक्ती, कमरेपर्यंत. अंगावर रोजचे कपडे नाहीत, तर नाटकातल्यासारखे, जुन्या स्पॅनिश धाटणीचे. झालरीच्या कॉलरी, पिसांच्या टोप्या, खांद्यावरून टाकलेले झगे. तेव्हा पॅरिसमध्ये असा पेहराव करून चित्र काढून घ्यायची हौस होती. आपल्याकडे महाबळेश्वरला नाही का, काश्मिरी ड्रेस घालून फोटो काढतात? तसंच समजा, फक्त फोटोग्राफर फ्रागोनारच्या तोडीचा.

अभ्यासकांनी या चित्रांना नंतर 'कल्पनाचित्रं' अशा अर्थाचं नाव दिलं. कारण गोंधळ हाच होता की ही खऱ्या माणसांची व्यक्तिचित्रं आहेत की नुसत्या कल्पना. एकाला 'संगीत' म्हणायचे, एकाला 'अभ्यास', एकाला 'प्रेरणा'. पॅरिसमध्ये लुई ला काझ नावाचे डॉक्टर होते, त्यांना अशा जुन्या, बाजारातून उतरलेल्या चित्रांचं वेड होतं. १८६९ मध्ये त्यांचा संग्रह मृत्युपत्राने लूव्रकडे आला, त्यात यातली काही चित्रं होती. आपला गृहस्थ मात्र तिथे १९७२ मध्ये पोचला.

यातल्या एका चित्राच्या मागे एक चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलंय की हे मस्य द ला ब्रेतेश यांचं चित्र, फ्रागोनारने १७६९ मध्ये काढलेलं, एका तासात.

एका तासात! त्या काळी व्यक्तिचित्र म्हणजे काय प्रकार होता? तैलरंग वाळायला दिवस घेतो. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा पातळ थर. गिऱ्हाईक चार-पाच वेळा येऊन बसणार. मोठ्या स्टुडिओत चेहरा गुरुजी काढणार आणि लेस, मखमल, पडदे ही कामं शागीर्द करणार. फ्रागोनारने हे सगळं बाजूला ठेवलं. ओल्या रंगावर ओला रंग. चुकलं तर पुसायला वेळ नाही, त्यामुळे हात ठाम हवा. काही ठिकाणी तर तो ब्रश उलटा धरून लाकडी टोकाने ओल्या रंगात ओरखडे काढतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याची पुस्तक वाचणारी पिवळ्या झग्यातली मुलगी आहे, तिच्या गळ्याची झालर अशीच खरवडून काढलेली आहे. तासाभराची गोष्ट अक्षरशः खरी असेल नसेल, पण चित्रासमोर उभं राहिलं की ती पटते.

आता आपण दिदरोकडे येऊ, कारण इथेच खरी गंमत आहे.

दिदरो नुसता कोशकार नव्हता. पॅरिसमध्ये दर दोन वर्षांनी लूव्रमध्ये चित्रांचं मोठं प्रदर्शन भरायचं, त्याला सालों म्हणायचे. दिदरो त्याच्यावर लांबच्या लांब लिहायचा. पण छापायचा नाही! त्याचा मित्र ग्रिम एक हस्तलिखित बातमीपत्र चालवायचा. नकला करून ती युरोपभरच्या मोजक्या राजघराण्यांत आणि दरबारांत पाठवायची. आजच्या भाषेत, पैसे भरून घ्यायचं न्यूजलेटर, वाचक थोडे पण वजनदार. सेन्सॉरची भीती नाही, त्यामुळे दिदरो तिथे मोकळा सुटायचा.

१७६५ च्या सालोंमध्ये फ्रागोनारचं एक प्रचंड पौराणिक चित्र होतं. दिदरोने त्याचं कौतुक केलं, तेही आपल्याला पडलेलं स्वप्न म्हणून रंगवून. दोन वर्षांनी, १७६७ मध्ये फ्रागोनारने आकाशात बागडणाऱ्या गुबगुबीत मुलांचं एक लंबगोल चित्र ठेवलं. त्यावर दिदरोचं मत काय? हे मुलांचं मोठं, मऊ, पिवळं आणि करपलेलं आम्लेट आहे!

आम्लेट. असो.

त्याच १७६७ च्या सालोंमध्ये दुसरं एक चित्र होतं, लुई-मिशेल व्हान लो या नावाजलेल्या चित्रकाराचं. विषय: स्वतः दिदरो. तेही आज लूव्रमध्येच आहे, तेही साधारण त्याच मापाचं. टेबलाशी बसलाय, एका हातात पिसाची लेखणी, दुसरा हात बोलता बोलता उघडलेला, डोक्यावर विग नाही, अंगात चकचकीत रेशमी झगा. घरचाच पेहराव आहे, पण कसला तो थाट! आता समीक्षकाला स्वतःच्याच चित्राबद्दल लिहायची वेळ आली. आणि त्याने काय धुतलंय.

सारांश माझ्या शब्दांत सांगते. म्हणाला, चित्र बऱ्यापैकी जमलंय, मिशेल माझा मित्र आहे, पण मित्रापेक्षा मला सत्य प्यारं. फार तरुण दाखवलंय. डोकं लहान झालंय. बाईसारखा गोड दिसतोय, हसतोय, ओठ मुरडतोय, म्हातारपणीही मी कशी आकर्षक दिसते असं म्हणणाऱ्या एखाद्या नटव्या बाईसारखा. बसलाय तर एखाद्या मंत्र्यासारखा. आणि कपडे! गरीब लेखकावर कपड्यांवरून कर लावायचा ठरवला तर हा मेला. माझी नातवंडं माझं रडकं लिखाण वाचतील आणि मग हे हसरं ध्यान बघतील, तर काय म्हणतील?

दोष कुणाला दिला, तर व्हान लो बाईंना. चित्र चालू असताना त्या येऊन गप्पा मारत बसल्या, म्हणून चेहऱ्यावर ते भाव आले. त्यापेक्षा त्यांनी वाद्यावर बसून काही वाजवलं असतं, तर विचारवंताचा चेहरा वेगळा आला असता. मंडळी, टॅग केलेला फोटो बघून "काढताना तू बोलत होतीस म्हणून माझं तोंड असं आलंय" म्हणणारे आपण एकटे नाही.

पण मग तो गंभीर होतो. म्हणतो, पोरांनो, सांगून ठेवतो, हा मी नव्हे. एका दिवसात माझे शंभर चेहरे होतात, जी गोष्ट मनाला भिडेल तसे. कधी शांत, कधी उदास, कधी स्वप्नात हरवलेला, कधी हळवा, कधी भडकलेला. पण तुम्हाला इथे दिसतोय तसा मी कधीच नव्हतो. माझं कपाळ मोठं होतं, डोळे अतिशय चपळ, चेहऱ्याचा घाट ठसठशीत, डोकं एखाद्या प्राचीन वक्त्यासारखं. एकाच चित्रकाराने मला पकडलं असं तो म्हणतो, तो म्हणजे गारां. आणि तेही कसं, तर एखादा येडा चुकून शहाण्यासारखं बोलून जातो ना, तसं, योगायोगाने.

आता हे वर्णन डोक्यात ठेवा आणि फोनवरच्या फ्रागोनारच्या चित्राकडे पुन्हा बघा.

मोठं कपाळ आहे. चपळ डोळे आहेत. ठसठशीत घाट आहे. पुस्तकातून मान वर करून काहीतरी सुचलेला माणूस आहे. दिदरोने "मी असा आहे" म्हणून जे लिहिलं होतं, ते जणू कुणीतरी दोन वर्षांनी काढून दाखवलंय! व्हान लोच्या चित्रावर दिदरो स्वतः रागावलेला, आणि इकडे हे चित्र, जिवंत, घाईतलं, शंभर चेहऱ्यांपैकी एक झटक्यात टिपलेला. कुणालाही वाटेल की हाच खरा दिदरो. मला तर वाटतं, पाटी एवढी पक्की बसली त्यामागे हेच कारण असावं. हा माझा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच घ्या. लोकांना दिदरो असा दिसायला हवा होता, आणि हे चित्र त्या इच्छेच्या मापाचं निघालं. मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतेय, माझ्या भिंतीवर पोस्टकार्ड व्हान लोचं नव्हतं ना.

फक्त एक अडचण होती. चित्रातल्या गृहस्थाचे डोळे निळे आहेत. दिदरोचे डोळे तपकिरी होते.

म्हणजे बघा हं. पुरावा कुठे तिजोरीत नव्हता. कॅनव्हासच्या बरोबर मध्यात, दोन ठिपके. व्हान लोचं चित्र त्याच संग्रहालयात. रोज शेकडो माणसं या डोळ्यांत बघून जात होती. मी पोस्टकार्डावर किती वेळा बघितलं असेल! डोळ्यांचा रंग विचारला असता तर मी "तपकिरी असावेत" असंच म्हटलं असतं. पाटी वाचून झाली की आपण चेहरा बघत नाही, पाटीच बघतो.

मग २०१२ मध्ये काय झालं? त्या जून महिन्यात पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात एक कागद विकायला आला. त्यावर फ्रागोनारने काढलेली अठरा छोटी छोटी रेखाटनं, ओळीत. कसं सांगू... फोनची गॅलरी उघडल्यावर थंबनेल दिसतात ना, अगदी तसं. प्रत्येक चौकटीत एक माणूस, कमरेपर्यंत, पिसांची टोपी, झालर, पुस्तक. अभ्यासकांनी बघितलं आणि त्यांना एकेक चित्र ओळखू यायला लागलं. हा कल्पनाचित्रांचाच कागद होता! आणि एक सोडून प्रत्येक रेखाटनाखाली नाव. हस्ताक्षर फ्रागोनारचंच दिसत होतं.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने आपल्याच फोटोंना कॅप्शन देऊन ठेवल्या होत्या, आणि त्या कुणी वाचल्या नव्हत्या.

'संगीत' आणि 'प्रेरणा' वगैरे नावांची चित्रं एकदम हाडामांसाची माणसं झाली. कुणी सरदार, कुणी पैसेवाला, कुणी मठाधीश. ला ब्रेतेश तर होताच, त्याचा भाऊही होता, आबे द सॅन-नॉं, फ्रागोनारला इटली फिरवणारा त्याचा दोस्त आणि आश्रयदाता. म्हणजे हे एक ओळखीपाळखीचं वर्तुळ होतं.

आणि पुस्तकापाशी मान वळवलेल्या आपल्या गृहस्थाच्या खाली नाव होतं, ते दिदरोचं नव्हतं. तिथे 'म्युनिए' असं वाचता येतं. काही अभ्यासकांच्या मते हा आंज-गाब्रिएल म्युनिए द केर्लों. पत्रकार, संपादक, ग्रंथांत रमणारा माणूस. जन्म १७०२ चा. आता प्रामाणिकपणे हात वर करा, हे नाव याआधी कुणी ऐकलंय? मीही नव्हतं.

इथे थोडं थांबून शंका काढायला हवी, नाहीतर मी जुनी चूक सोडून नवी पकडेन. रेखाटनाखालचं नाव म्हणजे नक्की काय? समोर बसलेल्याचं नाव, की चित्र ज्याने मागवलं त्याचं? बायको-मुलीचं चित्र नवरा किंवा बाप मागवू शकतो. तेव्हा 'म्युनिए' म्हणजे हाच चेहरा, हे शंभर टक्के पक्कं असं मी म्हणणार नाही. पण दिदरोच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. कागदावर त्याचं नाव नाही आणि कॅनव्हासवर त्याचे डोळे नाहीत. लूव्रने म्हणूनच पाटी बदलली. 'पूर्वी चुकून दिदरो म्हणून ओळखलेली व्यक्ती', अशा अर्थाची.

वेळ पण काय साधली बघा. दिदरोचा जन्म १७१३ चा. म्हणजे २०१३ साली त्याची तीनशेवी जयंती. सगळीकडे पोस्टर, विशेषांक, नव्या आवृत्त्या, आणि नेमका त्याच्या तोंडावर त्याचा सगळ्यात लाडका चेहरा त्याच्याकडून काढून घेतला गेला.

आता तुम्ही म्हणाल, ताई, एवढं काय त्यात? चित्र तेच आहे ना?

मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पोस्टकार्ड भिंतीवर तसंच आहे. पण खरं सांगते, पहिले दोन दिवस ते चित्र मला लहान वाटायला लागलं. आधी त्या नजरेत मला विश्वकोश दिसायचा, व्हँसेनचा तुरुंग दिसायचा. सेन्सॉरला चकवणारा माणूस दिसायचा. आता दिसत होता अंगरखा घातलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. ब्रशचा एक फटकाराही बदलला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं मी जे 'चित्र आवडतं' म्हणत होते, त्यातलं किती चित्र होतं आणि किती नाव?

आणि त्या म्युनिएचं काय? या माणसाने एक दिवस भाड्याचा का स्वतःचा तो नाटकी अंगरखा चढवला, फ्रागोनारच्या समोर तास-दीड तास बसला. आयुष्यभर लिहीत-संपादत राहिलेल्या माणसाचा एवढा जिवंत चेहरा मागे राहिला, आणि त्यावर दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध लेखकाचं नाव लागलं. निळे डोळे उघडे ठेवून तो गृहस्थ निमूट दिदरो म्हणून टांगलेला राहिला. मला हे थोडं विनोदी वाटतं आणि थोडं अंगावर येतं. इतिहासात चेहरा नसलेली माणसं पुष्कळ आहेत. याला चेहरा होता, तोही फ्रागोनारने काढलेला, आणि तरी तो हरवला.

एक प्रश्न मात्र मला राहून राहून पडतो. आम्लेट म्हणणाऱ्या समीक्षकाचं इतकं प्रेमाने चित्र फ्रागोनार का काढेल, हे कुणाच्या मनात कसं आलं नाही? पण मग वाटतं, ते बातमीपत्र हस्तलिखित, मोजक्या लोकांसाठी. फ्रागोनारने ते आम्लेट प्रकरण कधी वाचलंच नसेल. त्यामुळे या तर्कावर मी काही उभं करत नाही. डोळे पुरेसे आहेत.

त्या कागदाने आणखी एक काम केलं, ते सांगते आणि आवरते. मघाशी म्हटलेली वॉशिंग्टनची वाचणारी मुलगी. ती या मालिकेत बसते की नाही यावर वाद होता, कारण बाकी सगळे समोर किंवा मान वळवून बघतात आणि ही एका बाजूने, पुस्तकात गढलेली. कागदावर तिच्यासारखंच एक रेखाटन सापडलं, पण त्यातली बाई समोर बघतेय, डोक्यावर पिसांचा मोठा शिरपेच. मग गॅलरीच्या लोकांनी नव्या तंत्राने रंगाच्या थरांखाली बघितलं. खाली तीच बाई निघाली! समोर बघणारी, पिसं लावलेली. फ्रागोनारने नंतर तो चेहरा झाकून त्यावर ही मुलगी काढली होती. २०१७ मध्ये त्या गॅलरीने तो कागद आणि मालिकेतली जमतील तेवढी चित्रं एकत्र आणून प्रदर्शन भरवलं. ज्या चित्रांना एकेकाळी नुसतं 'कल्पना' म्हणायचे, ती आपापल्या नावांनिशी शेजारी शेजारी.

फ्रागोनारचं पुढे काय झालं? फॅशन बदलली. राजाच्या लाडक्या मादाम द्यु बारीसाठी काढलेली मोठी चित्रंही त्याला परत आली, ती आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहेत. मग क्रांती झाली, त्याचे गिऱ्हाईकच उरले नाहीत. दावीद या नव्या जमान्याच्या चित्रकाराने मदत केली, म्हणून नव्याने उभ्या राहणाऱ्या संग्रहालयात त्याला काम मिळालं. म्हणजे लूव्रमध्ये. १८०६ मध्ये तो वारला, जवळपास विस्मरणात.

तर साताऱ्याच्या मित्रा, तुझे आभार. मी तुला उत्तर पाठवलं तेव्हा विचारलं होतं की तुला कसं कळलं. त्याचं उत्तर आलं, "चित्र आवडलं म्हणून मोठं करून बघत होतो. डोळे निळे दिसले, तुम्ही एपिसोडमध्ये तपकिरी म्हणाला होतात."

मीच म्हणाले होते! तपकिरी. कव्हर लावताना माझ्या लक्षातही आलं नाही.

जुन्या एपिसोडचं कव्हर आता बदललंय. व्हान लोचं चित्र लावलंय, तेच ते, नटवं, रेशमी झग्यातलं. दिदरोला आवडलं नसतं, पण इलाज नाही. या वेळी झूम करून डोळे बघितले मी. तपकिरी आहेत. पोस्टकार्ड मात्र भिंतीवरून काढलेलं नाही. त्याच्या खाली पेन्सिलीने 'म्युनिए' लिहिलंय, पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह.

चला, आजच्यापुरतं एवढंच. आणखी कुठे चूक सापडली तर बिनधास्त मेसेज करा. भेटू पुढच्या रविवारी.